तिरकं तिरकं, वाऱ्याकडे

शिडाची होडी वारा नेईल तिकडेच जाते, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. वारा मागून येतो, शीड फुगतं, होडी पुढे सरकते; यात समजून घेण्यासारखं आणखी काय असणार? आणि मग या मे महिन्यात, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या कॉनिस्टन तळ्यावर, वारा समोरून तोंडावर येत असताना आमची होडी त्याच वाऱ्याकडे चालायला लागली. इंजिन नाही, वल्हं नाही. खालून पाण्याचा खळखळाट, हातात सुकाणूच्या दांड्याची थरथर, आणि आम्ही निघालोय वारा येतो तिकडे! मी ओरडलेच. तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे. आज तुम्ही सापडलात.

होडी आहे ‘मिरर’ जातीची. तीन मीटर तीस सेंटिमीटर लांब, नुसतं लाकूड धरलं तर पंचेचाळीस किलोच्या आसपास, शिडं लालभडक, आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं तोंड, इतर होड्यांसारखी टोकदार नाही, पुढून सपाट छाटलेली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या एका शेतात, गोठ्यामागे, खाज आणणाऱ्या रोपांच्या रानात ती पालथी पडलेली होती. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांची मुलं हिच्यात वाढली, मुलं दूर गेली, होडी मागे राहिली. “नेणार असाल तर पाण्यात घाला, बागेत फुलझाडं लावायला नेऊ नका,” एवढीच अट त्यांनी घातली. मी सोलापूरची. पाणी म्हणजे नळाला कधी येतं ते बघायचं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. पण त्या लाकडावर हात ठेवला आणि ही होडी आपण उभी करायची, हे मनात पक्कंच झालं.

तिची जन्मकथा ऐका, कारण मला तर तिने वेडच लावलं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये शिडाची होडी बाळगणं हे पैसेवाल्यांचं काम होतं. होडी बांधायला कसबी कारागीर लागायचा, वाफेवर वाकवलेलं लाकूड लागायचं. त्या वेळी बीबीसीवर बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ लोकांना घरातली सुतारकामं शिकवत. त्यांनी होडी बांधायची एक भन्नाट सोपी पद्धत पुढे आणली. प्लायवुडचे तुकडे बेतून कापायचे, त्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने ते एकमेकांना चक्क शिवायचे! तार आवळत जाल तसे सपाट तुकडे आपोआप वाकतात आणि होडीचा आकार धरतात. मग सांध्यांवरून काचतंतूची पट्टी राळेत बुडवून चिकटवायची. झाली होडी. जॅक होल्ट या नामांकित होडी-रचनाकाराने तिला नीट रूप दिलं, ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ती उचलून धरली, आणि 1963 च्या जानेवारीत लंडनच्या बोट शोमध्ये ती लोकांसमोर आली. सगळे भाग खोक्यात भरून घरी यायचे. किंमत 63 पौंड 11 शिलिंग. गिरणीतला माणूस, शाळामास्तर, बसचालक, कुणीही दिवाणखान्यातलं टेबल बाजूला सारून होडी बांधू लागला. आजवर अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या आहेत.

(याच होल्टने आधी ‘एंटरप्राइज’ नावाची निळ्या शिडांची होडी रेखली होती. 1982 च्या एशियाडमध्ये मुंबईच्या समुद्रात ज्या शिडांच्या शर्यती झाल्या, त्यांत एंटरप्राइजही होती. हे वाचल्यावर मी आनंदाने नवऱ्याला स्वयंपाकघरातून बाहेर ओढत आणलं होतं.)

आता या कथेतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. जी होडी तुमच्याआमच्यासारख्यांनी बांधावी म्हणून जन्माला आली, ती तुमच्याआमच्यासारख्यांना दुरुस्तही करता येते. तिच्यात लपवलेलं काही नाही. प्रत्येक सांधा दिसतो, का दिला ते समजतं, आणि उघडून परत जोडता येतो.

गॅरेजमध्ये आणून उताणी केली, तेव्हा पहिलं काम होतं तिला वाजवून बघायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने इंच इंच ठोकत जायचं. लाकूड शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो, आत कुजलं असेल तर भद्द. शेजारचे निवृत्त सुतार डोळे मिटून ऐकायचे आणि मी खडूने खुणा करायची. मिररमध्ये दोन्ही बाजूंना आणि पुढे-मागे बंद पोकळ्या असतात. होडी उलटली तरी त्यांतल्या हवेमुळे ती बुडत नाही. पण होडी ठेवून देताना या पोकळ्यांची झाकणं उघडी ठेवावी लागतात, नाहीतर आतली ओल आतच राहते. आमच्या होडीची ती वर्षानुवर्षं घट्ट बंद होती. मागच्या कोपऱ्यातला ताटाएवढा भाग काळा पडून भुसभुशीत झाला होता.

तो कापून काढला आणि नवीन तुकडा बसवला, आणि हे काम मला पुन्हा करायला मिळालं तर मी जेवण सोडून जाईन. मिररचं प्लायवुड पाच मिलिमीटर जाडीचं. नवं आणि जुनं नुसतं कडेला कड लावून चिकटवलं तर तिथेच तडकेल. म्हणून दोघांनाही उतार द्यायचा: जाडीच्या आठपट, म्हणजे चाळीस मिलिमीटर लांबीचा. एक उतार दुसऱ्यावर बसवला की चिकटायला भरपूर जागा मिळते आणि जोड मूळ लाकडाइतका मजबूत होतो. रंध्याने हा उतार काढत असताना प्लायवुडचे आतले थर एकाखाली एक उघडे पडतात. गडद, फिका, गडद. आणि ते पट्टे साडीच्या काठासारखे सरळ दिसले की समजायचं, उतार सारखा आला आहे. मोजपट्टी लागतच नाही, लाकूड स्वतःच सांगतं! मी मुलीला हाक मारून ते पट्टे दाखवले. “आई, हे तू केलंस?” ती म्हणाली, आणि रंधा हातातून काढून घेतला तो संध्याकाळपर्यंत परत दिला नाही.

तळाची एक जुनी पट्टी सुटत आली होती. हीट गनने गरम करून ती हळूहळू सोलून काढली आणि खाली ते टाके दिसले. तांब्याच्या तारेचे, हिरवट पडलेले, प्रत्येकाला पक्कडीचा पीळ दिलेला. काही पीळ उजवे, काही डावे. म्हणजे बांधणारी दोन माणसं असणार, समोरासमोर बसलेली! ही माझी अटकळ, पण मी ती सोडणार नाही. त्या अनोळखी हातांनी आवळलेल्या तारेवर मी माझी इपॉक्सी राळ पसरली.

बाकी घासकामाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते पुष्कळ असतं आणि सगळं सारखंच असतं. जुनं वॉर्निश खरवडलं, पॉलिशपेपर मारला, धूळ पुसली, पातळ केलेला पहिला हात, मग घट्ट हात, मधूनमधून परत पॉलिशपेपर. इथल्या थंडीत इपॉक्सी लवकर धरत नाही, म्हणून गॅरेजमध्ये हीटर लावून बसावं लागलं. पोकळ्यांची झाकणं बसवून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, आत किंचित हवा भरली, आणि बुडबुडे येतील तिथे पुन्हा भरलं. शेवटचा बुडबुडा थांबला तेव्हा घरात जल्लोष झाला.

आणि मग कॉनिस्टन! सुमारे आठ किलोमीटर लांब, अरुंद, उत्तर-दक्षिण पसरलेलं तळं. पश्चिमेला ‘ओल्ड मॅन’ नावाचा आठशे मीटरचा डोंगर. त्याच्यावरून वारा सरळ कधी येत नाही. झोतांनी येतो, दिशा बदलत येतो. पण इथे पाणी तुम्हांला वारा आधीच दाखवतं. झोत जिथे टेकतो तिथे पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि तो भाग गडद दिसतो. आमची लेक पुढच्या छोट्या शिडाची दोरी धरून बसते आणि ओरडते, “आई, काळं आलं, काळं आलं!” की आम्ही दोघी कडेवर बसून अंग बाहेर झुकवतो, होडी किंचित कलते, सावरते आणि एकदम उसळी घेते. वारा डोळ्यांनी बघता येतो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शिडं उभी करण्यातही किती हुशारी आहे पाहा. मिररची मूळ डोलकाठी आखूड असते. शिडाला आणखी एक काठी शिवलेली असते, ती दोरीने ओढली की सरसर वर जाते आणि डोलकाठीला समांतर उभी राहते, जणू डोलकाठीच लांब झाली. का? तर सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावाव्यात, आणि साध्या मोटारीच्या टपावर होडी, काठ्या, शिडं, वल्ही सगळं एकत्र घरी नेता यावं म्हणून. ज्यांच्याकडे ना धक्का, ना बोटहाउस, त्यांचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे. मी दर वेळी ती दोरी ओढते आणि मनात होल्टला नमस्कार करते.

आता ते उलट वाऱ्याचं. होडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हांला आधी होडी मुद्दाम उलटवायला लावली, तिच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून ती परत सरळ करायला लावली, आणि भीती गेल्यावरच हे शिकवलं. शीड म्हणजे उभा केलेला पंख. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहतो, शिडाच्या बाकावरून वळतो, आणि वाऱ्याला वळवण्याच्या बदल्यात शिडावर जोर येतो. त्या जोराचा बराचसा भाग होडीला बाजूला रेटतो, थोडासा पुढे ओढतो. बाजूला जाऊ द्यायचं नाही म्हणून होडीच्या मधोमध खाचेतून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, ती आडवी सरक अडवते. मग उरतं काय? पुढे जाणं! वाऱ्याच्या रेषेपासून साधारण पंचेचाळीस अंश बाजूला तोंड ठेवलं की होडी चढते. मग वळायचं, डोकं खाली घालायचं, शीड दुसऱ्या बाजूला जातं, आणि तितकंच तिरकं तिकडून. असं नागमोडी करत करत तुम्ही जिथून वारा येतोय तिथे पोचता. फार वर तोंड केलं तर शिडाची पुढची कड फडफडून सांगते, की बाई, जास्त झालं. जरा खाली घेतलं की शीड गप्प होतं आणि होडी पळते. त्या फडफडीच्या काठाकाठाने होडी नेत राहणं यासारखा दुसरा आनंद मला सध्या माहीत नाही.

त्याच दिवशी तिरकं जाताना पूर्व काठावर झाडांत एक मोठं घर दिसलं: ब्रँटवुड. जॉन रस्किन यांचं! 1872 पासून 1900 मध्ये मृत्यू होईपर्यंत ते इथे राहिले. ज्यांचं ‘अनटू धिस लास्ट’ गांधीजींनी 1904 मध्ये जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना आगगाडीत वाचलं आणि पुढे गुजरातीत ‘सर्वोदय’ नावाने सारांशरूपाने मांडलं, ते रस्किन. हाताने केलेल्या कामाची किंमत सांगणाऱ्या माणसाच्या अंगणासमोरून आम्ही हाताने दुरुस्त केलेली होडी हाकत होतो. मला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याहून दक्षिणेला पील आयलंड आहे, झाडांचं इवलंसं बेट. रस्किन यांचे सचिव कॉलिंगवूड याच तळ्याच्या काठी राहत. त्यांची नातवंडं सीरियातल्या अलेप्पोहून 1928 मध्ये आली, तेव्हा त्यांच्यासाठी दोन छोट्या शिडाच्या होड्या घेतल्या गेल्या. त्या मुलांवरून आणि या पाण्यावरून आर्थर रॅन्सम यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ लिहिलं. कादंबरीतल्या बेटाचा बराचसा भाग पील आयलंडवरून घेतलेला. आमच्या लेकीने पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि आता तिला दक्षिणेकडून, बेटाच्या खडकांमधल्या त्या अरुंद खाचेत शिरायचं आहे. तिथे शीड उतरवून वल्ह्याने आत जावं लागेल. सराव सुरू आहे.

तळ्यावर थांबायची गरजही नाही म्हणा. ए. जे. मॅकिनन नावाच्या शिक्षकांनी अशीच एक मिरर इंग्लंडमधून काढली आणि नद्या, कालवे, इंग्लिश खाडी ओलांडत थेट काळ्या समुद्रापर्यंत नेली! हीच होडी, हीच सपाट नाळ, हेच लाल शीड. त्यांचं पुस्तक सध्या माझ्या उशाशी आहे.

काल इथल्या मराठी मंडळातल्या मालवणच्या वहिनींचा निरोप आला. त्यांना केंडलजवळ एका घरामागे एक मिरर पालथी पडलेली दिसली आहे, फोटोत मागचा कोपरा काळा दिसतोय, घ्यावी का? मी जेवता जेवता उठून फोन लावला. “वहिनी, उद्याच जा. स्क्रू ड्रायव्हर बरोबर न्या, मुठीने ठोकून बघा, आणि झाकणं उघडून आत हात घाला. कोपरा गेला असेल तर जाऊ दे, तो आपण दोघी मिळून बसवू, रंधा माझ्याकडे आहे. तळ खणखणीत वाजला की तिथेच पैसे देऊन टाका!”