पाचवी पिन

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" बरी आहे हो! सध्या मुक्काम न्यू जर्सीत, मुलाकडे. नात कॉलेजला जाणार म्हणून सबंध ऑगस्ट नुसती धावपळ चालली होती. परवा ती गेली. घर एकदम शांत झालं, म्हणून आज लिहायला बसले.

आज सांगणार आहे एका वायरीची गोष्ट. हसू नका. बी. ए. ला मराठी घेतलेली, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई वायरीवर काय लिहिणार, असं वाटेल. पण वाचा तर खरं.

इथल्या शाळांत मुलांकडे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर असतो. दिसायला आपल्या जुन्या टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा रुंद, वर पडदा. समीकरण लिहिलं की पडद्यावर वक्ररेषा उमटते. किंमत शंभर डॉलरच्या वर! आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत मुलं लॉगटेबल घेऊन बसतात, आणि इथे हे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं, की मुलं आता काय गणित करणार! तसे या यंत्राचेही दिवस भरत आलेत म्हणतात. अमेरिकेत २०२४ पासून एसएटी परीक्षा संगणकावर होते आणि आलेख काढायची सोय त्या पडद्यातच असते. पण आमच्या घरात अजून दोन आहेत, एक नातीचा आणि एक नातवाचा. दोन्ही एकाच जातीचे, टीआय-८४ प्लस सीई, रंगीत पडद्याचे.

या यंत्रात मुलांना स्वतःचे छोटे प्रोग्रॅम लिहिता येतात. आणि नातीने त्यात काय लिहिलं असेल? औटकी!

आमच्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि शेराच्या सोळा छटाका होत्या तेव्हा पाव-अर्धा-पाऊण तोंडावर असावंच लागे. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. मला ते शाळेत कुणी शिकवले नाहीत, वडिलांनी संध्याकाळी ओसरीवर बसवून घोकून घेतले. नात सात-आठ वर्षांची असताना मी इथे आले होते, तेव्हा तिला गंमत म्हणून म्हणून दाखवले. तिला त्यातला ठेका आवडला. पुढे नववीत गेल्यावर तिने त्याचा खेळ केला. कॅल्क्युलेटर विचारतो, साडेतीन साते किती? साडेचोवीस लिहिलं तर गुण, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. प्रोग्रॅमचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही म्हणे, म्हणून नाव नुसतंच 'औटकी'. परीक्षेआधी इथल्या शिक्षिका यंत्राची मेमरी पुसायला लावतात, त्यात तो जाऊ नये म्हणून तिने तो आर्काइव्हमध्ये ठेवलेला. नावापुढे एक चांदणी दिसते.

निघायच्या आदल्या रात्री नऊ वाजता नातू म्हणाला, "ताई, तुझी औटकी मला देऊन जा ना."

आता एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवायची तर दोन्ही टोकांना छोटा मिनी-यूएसबी असलेली खास वायर लागते. ती काही सापडेना. मागवली तर दोन दिवसांनी येणार, आणि नात पहाटे सहाला निघणार. संगणकात उतरवून मग दुसरीकडे चढवता येतं. पण नातीचा लॅपटॉप गाडीत सामानाच्या तळाशी गेलेला, आणि मुलाचा ऑफिसचा, त्यात बाहेरचं सॉफ्टवेअर घालायला बंदी. हाताने टाइप करायची तर तीनशेच्या वर ओळी.

तेव्हा नात म्हणाली, "बाबा, आपण वायर बनवू."

मुलगा एक क्षण थांबला. मग म्हणाला, "चल गॅरेजमध्ये."

तुमच्या-आमच्या घरात असतो तसा इथेही जुन्या वायरींचा एक डबा आहे. त्यात दोन निघाल्या, एक जुन्या कॅमेऱ्याची आणि एक जुन्या हार्डडिस्कची. दोन्हींना एकीकडे मिनी टोक आणि दुसरीकडे संगणकात जाणारं रुंद टोक. मुलाने दोन्हींची रुंद टोकं कापून टाकली. आत चार बारक्या तारा होत्या. लाल म्हणजे पाच व्होल्टची, काळी म्हणजे अर्थची, आणि पांढरी नि हिरवी माहिती नेणाऱ्या. लालला लाल, काळीला काळी, अशा चारही जोडायच्या. पीळ दिला, त्यावर सोल्डर केलं, प्रत्येक सांध्यावर वेगळी टेप गुंडाळली. मला काम दिलं टॉर्च धरायचं.

राळेचा तो वास आला आणि मला कसंसंच झालं. का ते पुढे सांगते.

यंत्राला लावण्याआधी मुलाने मीटर लावून पाहिलं, लाल आणि काळी कुठे एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना. नाहीतर यंत्रच जायचं. सगळं ठीक होतं. मग दोन्ही कॅल्क्युलेटर जोडले. नातवाच्या पडद्यावर 'वेटिंग' आलं. नातीने 'ट्रान्समिट' दाबलं. एरर. टोकं उलटसुलट करून पाहिली. एरर.

नात फोनवर वाचत बसली आणि दहा मिनिटांनी ओरडली, "पाचवी पिन!"

तिने मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. यूएसबीत एक यजमान असतो आणि दुसरा पाहुणा. पाहुणा आपणहून कधी तोंड उघडत नाही, यजमानाने विचारलं तरच बोलतो. संगणक नेहमीच यजमान, तिथे प्रश्न नाही. पण दोन सारखीच यंत्रं समोरासमोर आली तर? त्यासाठी मिनी टोकात चाराऐवजी पाच पिना असतात. चौथ्या जागी असलेली ही जास्तीची पिन शेजारच्या अर्थच्या पिनेला जोडलेली असेल, तर त्या बाजूच्या यंत्राला कळतं की यजमान आपण, वीज आपण द्यायची आणि बोलायला सुरुवातही आपणच करायची. साध्या वायरीत ही पिन कशालाच जोडलेली नसते. "म्हणून आजी, दोघंही वाट बघत बसलेत. वायर चांगली आहे. पण आधी कुणी बोलायचं, तेच त्यांना माहीत नाही."

मुलाने एका टोकाचं रबर ब्लेडने कापलं, वरचं पत्र्याचं कवच उचकटलं. आतल्या पिना इतक्या बारीक, की मी पेपर वाचायला वापरते ते भिंग आणावं लागलं. एका हातात भिंग, एका हातात टॉर्च, आणि माझ्या नाकासमोर माझा एकोणपन्नास वर्षांचा मुलगा श्वास रोखून दोन पिनांमध्ये कथलाचा थेंब टाकत होता. हात जराही हलत नव्हता.

आता ते राळेचं सांगते.

१९८८ साल. हा बारा वर्षांचा होता. माझ्या वडिलांचा रेडिओ आमच्याकडे आला होता, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. एका रविवारी मी बाजारातून आले तर हा रेडिओची पाठ उघडून बसलेला, बरोबर दोन मित्र. रेडिओ लावून पाहिला तर मुका. मी फूटपट्टी घेतली आणि त्या मित्रांदेखत त्याला मारलं. शाळेतल्या मुलांवर मी कधी हात उगारला नाही, घरच्यावर उगारला. त्याचे पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सगळे कपाटात घालून कुलूप लावलं.

आठवड्याने रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझ्यासमोर उघडला, सोल्डरिंगची गन टेकवली, राळेचा धूर निघाला आणि रेडिओ बोलायला लागला. म्हणाला, "बाई, जुना सांधा सुटला होता. कुणी हात लावला नसता तरी सुटलाच असता." दोन रुपये घेतले.

हे मी घरी येऊन मुलाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. आधी वाटलं, सांगितलं तर पुन्हा उघडेल. मग वाटलं, विसरला असेल. शिक्षकाला 'माझं चुकलं' म्हणायची सवय नसते, हे खरं कारण. तो सॉफ्टवेअरमध्ये गेला, चांगलं नाव काढलं. पण माझ्यासमोर त्याने पुन्हा कधी काही उघडलं नाही. सुट्टीत घरी आला आणि पंखा बिघडला, तर म्हणायचा, "आई, माणूस बोलाव." मला ते दर वेळी लागायचं.

त्या रात्री गॅरेजमध्ये, टॉर्च धरलेल्या अवस्थेत, मी म्हटलं, "अरे, तो रेडिओ तू बिघडवला नव्हतास. सांधा सुटला होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी उगीच मारलं तुला."

त्याने वर पाहिलं नाही. थेंब बसेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मला माहीत आहे आई. मी दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात जाऊन विचारलं होतं."

म्हणजे ३७ वर्षं दोघांनाही माहीत होतं!

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील असं वाटायचं." आणि लगेच, "टॉर्च जरा डावीकडे धर."

नात आमच्याकडे पाहत होती. तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने काही विचारलं नाही. मला मात्र भिंगातून काही दिसेना, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

पावणेबाराला वायर पुन्हा जोडली. उघडं टोक नातीच्या यंत्रात, साधं टोक नातवाच्या. तिने 'ट्रान्समिट' दाबलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दोन्ही पडद्यांवर 'डन'. नातवाच्या यादीत औटकी आली होती. चौघंही मोठ्याने हसलो, वरून सूनबाई ओरडली, "अहो, सहाला निघायचंय!"

वायर दिसायला अगदी गबाळी आहे. मध्ये टेपची गाठ, एका टोकाला कवच नाही. नातवाने ती फेकू दिली नाही. टोकाला टेप गुंडाळून ताईच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

आणि काल इथल्या बाथरूममधला पंखा घरघरायला लागला. मी काही म्हणायच्या आत मुलगा स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. म्हणाला, "आई, टॉर्च आण."

नातवाची औटकी अजून साडेतीन सातेच्या पुढे सरकत नाही. असो. तो शिकेल. तुमच्यापैकी कुणाला औटकी येत असेल तर जरूर कळवा, त्याला फोनवर म्हणून दाखवायला माणसं हवीच आहेत.