राज्य गेल्यानंतरचे शिक्षण

मराठीत ‘उद्योग’ या शब्दाचा पैस मोठा आहे. कारखाना म्हणजे उद्योग, व्यापार म्हणजे उद्योग, आणि स्वस्थ न बसणाऱ्या मुलाने घरात मांडलेला पसारा म्हणजेही उद्योगच. ‘उद्योजकता’ हा शब्द मात्र अलीकडचा. अहमदाबादेत १९८३ साली उद्योजकता विकासाची संस्था निघाली, हळूहळू विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हा विषय आला, आणि भांडवल, जोखीम, बाजारपेठ व नफा या चार खांबांवर त्याची व्याख्या उभी राहिली. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु एखादे काम नव्याने उभे करायला शिकताना माणूस आतून कसा बदलतो, हा प्रश्न तिच्या बाहेर राहतो. त्याचे उत्तर एका राजवाड्यात सापडावे, हे थोडे विलक्षणच आहे. राजवाड्यात चैन वाढते, उद्योग वाढत नाही, असाच सर्वसाधारण समज असतो.

तंजावरचा राजवाडा नायक राजांचा. सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात व्यंकोजीराजे भोसले यांच्यामागून तो मराठ्यांकडे आला आणि त्यांनी त्यात आपली भर घातली. आज तेथे येणारा प्रवासी दरबार महालाचे रंगवलेले खांब पाहतो, चोळकालीन कांस्यमूर्तींपुढे क्षणभर थबकतो आणि बाहेर पडतो. याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ताडपत्रे, संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते, मोडी कागदांचे रुमाल आणि यांच्या शेजारी युरोपीय भाषांतील सुमारे साडेचार हजार छापील ग्रंथ, असा त्याचा संसार आहे. त्या परदेशी ग्रंथांपैकी बहुतेकांवर एकाच माणसाची इंग्रजी सही आढळते. ती सही दुसऱ्या सरफोजी राजांची. ग्रंथावर सही करणारा राजा विरळा. राजे सही करतात ती फर्मानांवर आणि तहांवर. या राजाच्या आयुष्यात तहावरची सही एकदा आली आणि तिने राज्यच नेले. ग्रंथांवरच्या सह्या त्यानंतरच्या शिक्षणाच्या आहेत.

सरफोजीचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांची मुले हयात राहिली नव्हती. १७८७ साली, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी भोसले कुळातील या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि त्याच्या पालनाचा भार ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपवू पाहिला. मुलाचे भाग्य उजळले असे वाटण्याचाच तो क्षण होता. पण दत्तविधानाच्या शास्त्रशुद्धतेवर शंका काढल्या गेल्या, कंपनी सरकारने त्या मानल्या आणि गादी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. राजवाड्यातच मुलाचे जिणे कोंडल्यासारखे झाले. त्याच्या शिक्षणाची आबाळ होते आहे, हे श्वार्ट्‌झच्या ध्यानी आले. त्यांनी पुष्कळ खटपट केली, आणि १७९३ साली मुलाला व तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. पुढची पाच वर्षे राज्याचा वारस तेथे केवळ एक विद्यार्थी म्हणून राहिला.

या पाच वर्षांना फार महत्त्व आहे. वारसा कायद्याच्या किंवा कपटाच्या एका फटकाऱ्यात जाऊ शकतो, हे त्या मुलाने अनुभवले होते. शिकलेले मात्र कोणी काढून घेत नाही, हे आता त्याला कळू लागले. तो इंग्रजी शिकला, गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांची गोडी त्याला लागली. गुरू धर्मोपदेशक होता. शिष्याने गुरूचा धर्म घेतला नाही, गुरूची शिस्त घेतली. कोणत्या गोष्टीचा स्वीकार करावा आणि कोणती आदराने बाजूला ठेवावी, हा विवेक शिकणाऱ्याच्या प्रौढपणाची पहिली खूण असते. कंपनीने दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला आणि १७९८ च्या जूनमध्ये सरफोजीस गादीवर बसवले. श्वार्ट्‌झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. गुरूला शिष्याचा राज्यारोहणसोहळा पाहता आला नाही. तंजावरच्या शिवगंगा कोटातील चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडवलेले संगमरवरी स्मारक आहे. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला राजा दिसतो. ते स्मारक शिष्याने आपल्या खर्चाने करवून घेतले.

गादी मिळाली आणि सव्वा वर्षातच राज्य गेले. १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली आला. राजांकडे उरला तो किल्ला, काही मानमरातब, वर्षाला एक लक्ष पागोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांच्या तरुणापुढे दोन वाटा होत्या. एक, गेलेल्या राज्याची कुढ धरून शिकार, मेजवान्या आणि तक्रारअर्ज यांत आयुष्य घालवण्याची. हिंदुस्थानात पुढच्या शंभर वर्षांत ती अनेकांनी चोखाळली. दुसरी वाट अशी की, सत्ता उरली नसेल, पण उत्पन्न, वेळ, जागा आणि विद्या उरली आहे. तेवढ्या भांडवलात काय उभे राहते ते पाहावे. सरफोजी राजांनी ही दुसरी वाट धरली.

ते कशासाठी भांडले, हे पाहण्यासारखे आहे. १८०१ साली रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या पूर्वजांनी स्थापिलेल्या छत्रांविषयी, म्हणजे वाटसरूंसाठीच्या अन्नछत्रांविषयी, कळवळून लिहिले. तेथे कोणत्याही जातीच्या प्रवाशाला अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते, पोरक्या मुलांना शिक्षण मिळते, प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांची व्यवस्था होते. हे धर्मकार्य आपल्याकडून काढून घेऊ नये, अशी त्यांची विनवणी होती. मुलूख देऊन बसलेला राजा छत्रांवर मात्र हक्क सांगत होता. याच सुमारास ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले आणि तेथे शाळाही चालू झाली. सत्तेची उणीव व्यवस्थेने भरून काढता येते, हा धडा येथे गिरवला गेला.

१८०३ साली बृहदीश्वराच्या भव्य मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवण्यात आला. लगेच १८०५ मध्ये राजवाड्यात ‘नवविद्याकलानिधि’ नावाचा छापखाना निघाला. देवनागरी अक्षरे छापणारा दक्षिणेतील हा पहिला छापखाना. दगडावरची अक्षरे एका जागी स्थिर राहून ‘आम्ही कोण होतो’ हे सांगतात. खिळ्यांची अक्षरे सुटी होऊन पुन्हा जुळतात आणि ‘आता काय शिकता येईल’ हे सांगतात. एकाच माणसाने दोन वर्षांच्या अंतराने ही दोन्ही कामे केली. शिलालेखाने वंशाभिमानाचे ऋण फेडले आणि छापखान्याने विद्यार्थिदशेचे. सखण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी येथे छापल्या गेल्या. मराठी मुलांच्या हाती गोष्टींचे छापील पुस्तक देण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न, आणि तो मुंबई-पुण्यापासून शेकडो कोस दूर, कावेरीकाठी झाला.

छापखान्याने राजांना आणखी एक गोष्ट शिकवली. विद्या एकट्याने मिळवता येते, उद्योग एकट्याने होत नाही. त्याला पंडित लागतो, तसाच खिळे जुळवणारा लागतो, शाई करणारा लागतो, पुस्तक बांधणारा लागतो. धन्वंतरी महालात आयुर्वेद जाणणारे वैद्य, सिद्ध पद्धतीचे वैद्य आणि युरोपीय डॉक्टर यांना एकत्र आणले गेले. औषधांचे प्रयोग झाले, त्यांतील अनुभव तमिळ ग्रंथांत गोळा केले गेले. नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या: रोग्याचे वर्णन, डोळ्याचे रंगीत चित्र, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम. हे कागद आजही ग्रंथालयात आहेत. नोंद ठेवणे ही वरवर कारकुनी बाब. परंतु आपल्या कामाचे यश आणि अपयश दोन्ही कागदावर उतरू द्यायला मनाचा एक प्रकारचा नम्रपणा लागतो, आणि तो दरबारी स्तुतीत वाढलेल्या माणसाला सहजी येत नाही.

मिळालेले ज्ञान आपल्या माणसांच्या भाषेत आणि चालीत आणावे लागते, हेही राजांनी ओळखले होते. तमिळ भागात ‘कुरवंजी’ हा नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार. त्यात भटकी भविष्यवेत्ती स्त्री आपण पाहिलेले डोंगर आणि देश वर्णन करते. राजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत रचली आणि त्या स्त्रीच्या तोंडी जगाचा नवा भूगोल घातला. तिच्या गाण्यात युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका हे खंड येतात. श्वार्ट्‌झचेच दुसरे शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री यांनीही कुरवंजीचाच साचा घेऊन ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. एका गुरूच्या हाताखालचे हे दोन विद्यार्थी, धर्माने आणि भाषेने वेगळे, पण दोघांनीही नवे ज्ञान जुन्या ओळखीच्या भांड्यातून वाढले. अनोळखी वस्तू लोकांच्या अंगवळणी पाडण्याचे हे कसब आजच्या कोणत्याही उद्योजकाला कमी लेखता येणार नाही.

या कथेतील उणी बाजू झाकून ठेवली तर मात्र तिचा अर्धा अर्थ जाईल. राजांच्या साऱ्या कामांचे भांडवल कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या महसुलातून येत होते. कष्ट कुळांचे, आणि खर्चाचा निर्णय राजवाड्याचा. दुसरे असे की, नवविद्याकलानिधीच्या पुस्तकांना वाचक होते, पण ग्राहक नव्हते. ती राजकृपेने छापली जात. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच वर्षी ७ मार्चला तंजावरात सरफोजी राजे निवर्तले. मराठी छपाईची पुढची वाढ मुंबईत झाली. पंचांग, वृत्तपत्र आणि शाळेचे पुस्तक विकत घेणारा वर्ग तेथे घडत होता. तंजावरच्या छापखान्याचे श्वास राजांच्या खजिन्यावर चालले होते, ते थांबले. जो उद्योग एका माणसाच्या थैलीवर उभा असतो, त्याला त्या माणसाचे आयुष्य पुरते, अधिक नाही.

तरीही सारे बुडाले नाही. १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्रसंतानाविना वारले, कंपनीने राजपद संपुष्टात आणले आणि राजवाड्यातील मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. मद्रासला त्या जिंकल्या, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात १८५९ साली हरल्या. या धामधुमीत ग्रंथसंग्रह टिकला. ए. सी. बर्नेल या अधिकारी विद्वानाने केलेली त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९१८ साली ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. छापखाना धन्याबरोबर गेला. ग्रंथालय लोकांचे झाले म्हणून राहिले. संग्रह, सूची आणि मुक्त प्रवेश या तीन गोष्टींनी ते काम एका व्यक्तीच्या हातून सुटून समाजाच्या हाती गेले.

आज व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला बाजारपेठेचा धडा अगोदर मिळतो, आणि तो योग्यच आहे. सरफोजी राजांना तो कधी मिळालाच नाही. पण त्यांना जो धडा प्रथम मिळाला, तो या विद्यार्थ्याला बहुधा उशिरा मिळतो. हातचे सर्वस्व गेल्यावर उरलेल्याची मोजदाद शांतपणे करणे, आणि ‘माझे काय गेले’ हा प्रश्न सोडून ‘यातून दुसऱ्याच्या उपयोगाचे काय होईल’ हा प्रश्न हाती घेणे, ही उद्योगाची खरी सुरुवात. लव्हाझिएच्या रसायनशास्त्राचा ग्रंथ मागवणाऱ्या त्या राजाला त्यापासून एक पैही नफा झाला नसेल. मात्र कोंडलेल्या मुलापासून नोंदी ठेवणाऱ्या, छापणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसापर्यंतचा प्रवास त्याने अशाच ग्रंथांच्या सोबतीने केला. नफ्याच्या रकान्यात ही वाढ कोठे मांडावी, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नाही. ग्रंथालयात येऊन ती पाने उलटणाऱ्या प्रत्येक नव्या वाचकाच्या खात्यावर ती जमा होत असते.