कलकत्ता, दोन दिवस आणि बर्गी

कलकत्त्याला जायचं म्हटल्यावर आमच्या ऑफिसमध्ये दोनच प्रतिक्रिया आल्या. एक, "मिष्टी दोई आण." दुसरी, "काय आहे तिथे? गर्दी आणि घाम." दुसरी देणारे कधीच तिकडे गेले नव्हते, हे वेगळं सांगायला नकोच. मी डिसेंबरमध्ये गेलो त्यामुळे घामाचा प्रश्न नव्हता. गर्दी मात्र होती. भन्नाट होती!

टीममधला एक बंगाली मित्र सुट्टीवर घरी गेला होता. त्याचं घर श्यामबाजारला, म्हणजे उत्तर कलकत्त्यात. हॉटेलचं नाव काढलं तर मैत्री तोडेन अशी त्याची धमकी होती. म्हणून शुक्रवारची रजा टाकली आणि पुण्याहून विमान पकडलं.

शनिवारी सकाळी टूरिस्टानं करायच्या सगळ्या गोष्टी केल्या. व्हिक्टोरिया मेमोरियल (1921 चं, मकराण्याचा संगमरवर, फोटोत दिसतं तसंच दिसतं, पुढे चला). मग एस्प्लनेडहून मेट्रोनं हावड्याला. देशातली पहिली मेट्रो 1984 मध्ये इथेच सुरू झाली आणि नदीखालून जाणारी पहिलीही इथलीच, मार्च 2024 पासून. हुगळीखालचा बोगदा साधारण 520 मीटरचा, गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. त्या पाऊण मिनिटात निळे दिवे दिसतात आणि अख्खा डबा मोबाईल बाहेर काढतो. रोजचे प्रवासीसुद्धा! मला हे फार आवडलं. पुण्यात आपण कौतुक करायला लाजतो.

परत येताना हावडा ब्रिजवरून चालत आलो. 1943 मध्ये सुरू झालेला हा पूल नट-बोल्टशिवाय, नुसत्या रिव्हेटवर उभा आहे. मेकॅनिकलच्या पोरांनी निदान या पुलासाठी तरी जावं. मात्र पुलावर थांबून वर बघत बसायची सोय नाही. मागून डोक्यावर हारा घेतलेला माणूस येत असतो आणि त्याला आपल्या इंजिनियरिंगशी काही देणंघेणं नसतं.

दुपारी कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांची दुकानं नाहीत, पुस्तकांच्या भिंती आहेत. समोर कॉफी हाऊस. पगडीवाले वेटर, उंच छत आणि 'इन्फ्युजन' नावाची काळी कॉफी. कॉफी ठीकठाक, खरं सांगायचं तर वैशालीतली बरी. पण एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. शेजारच्या टेबलावर चार आजोबा कशावरून तरी कडाकडा भांडत होते. मला वाटलं आता हाणामारी होणार. मित्र म्हणाला, "फुटबॉल. रोजचं आहे." यालाच ते अड्डा म्हणतात.

संध्याकाळी टॅक्सीनं सियालदहवरून श्यामबाजारला घरी. वाटेत मित्र म्हणाला, "हा रस्ता तुमच्यामुळे झालाय." मला वाटलं एखादा मराठी काँट्रॅक्टर असेल. तो हसला आणि म्हणाला, "घरी चल, ठाकुमा सांगेल." ठाकुमा म्हणजे त्याची आजी.

घरी काकिमांनी आधी जेवायला घातलं, म्हणजे 'घातलं' या शब्दाच्या पूर्ण अर्थानं. जेवण झाल्यावर ठाकुमा मित्राच्या भाचीला मांडीवर घेऊन झोपवत होत्या. गाणं संथ, चाल गोड. बंगाली मला कळत नाही पण एक शब्द परत परत येत होता... 'बोर्गी'. मी विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. मित्र म्हणाला, "बोर्गी म्हणजे तू!"

तर गोष्ट अशी. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर चालून येत होत्या. पुढे भास्करराम कोल्हटकर, बंगालीत 'भास्कर पंडित'. 'बर्गी' हा आपल्या 'बारगीर'चा अपभ्रंश. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. (कंपनीचा लॅपटॉप आणि स्वतःचा लॅपटॉप, असं समजा.) गावं जाळली, लुटली, माणसं गंगेपलीकडे पळाली. गंगाराम नावाच्या कवीनं त्यावर त्याच काळात बंगालीत काव्य लिहिलं. त्याचं नाव काय तर 'महाराष्ट्रपुराण'. 1744 मध्ये नवाब अलिवर्दी खानानं भास्कररामांना भेटीला बोलावून दगा देऊन मारलं. धाडी तरी थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात ओरिसा आणि वर्षाला 12 लाख चौथाई मिळाली तेव्हा थांबल्या. मधल्या काळात, 1743 मध्ये, खुद्द नानासाहेब पेशवे अलिवर्दीच्या बाजूनं रघुजींना हुसकायला बंगालमध्ये उतरले होते. एकाच कंपनीच्या दोन टीम एकाच क्लायंटकडे, काय बोलणार!

आपल्या शाळेच्या पुस्तकात अटकेपार झेंडे होते, नकाशावर भगवा रंग थेट कटकपर्यंत जायचा. तो रंग बघून वर्गात आम्हाला जाम भारी वाटायचं. त्या रंगाखाली कुणाचं तरी भाताचं शेत होतं, हे मला एका अंगाईनं सांगितलं. गाण्यात बर्ग्यांची धाड आहे, पिकाचं नुकसान आहे आणि सारा कसा भरायचा ही चिंता आहे. पावणेतीनशे वर्षांनी त्यावर ती चिमुरडी मस्त झोपली.

मी ठाकुमांना काय म्हणावं ते सुचेना. सॉरी म्हणणं विनोदी, न म्हणणं विचित्र. त्याच म्हणाल्या (मित्रानं भाषांतर केलं), "अरे, गाणं आहे. आमच्या आजीलाही बर्गी कोण ते माहीत नव्हतं, राक्षस वाटायचा."

रविवारी सकाळी मित्र मला चालत बागबाजारला घेऊन गेला. तिथे एक गल्ली आहे, 'मराठा डिच लेन'. धाडीच्या भीतीनं 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत, तीन मैल झाला आणि काम बंद पडलं, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. 1756 मध्ये आला तो सिराज-उद-दौला आणि तेव्हा खंदकाचा काही उपयोग झाला नाही. 1799 मध्ये तो बराचसा बुजवून वर सर्क्युलर रोड केला. आदल्या संध्याकाळी आमची टॅक्सी ज्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तोच रस्ता! गल्ली अगदी साधी. वाळत घातलेले कपडे, एक सायकल, दारात दात घासणारे एक काका. मी पाटीचा फोटो काढला तर काकांना आश्चर्य वाटलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही सांगालच. याच बंगालात पुढे शिवाजी उत्सव झाले, रवींद्रनाथांनी 1904 मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. आणि त्याच वर्षी 'देशेर कथा' हे गाजलेलं बंगाली पुस्तक लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर मराठी घराण्यातले. म्हणजे दीडशे वर्षांत बर्गीचा हीरो झाला. पण अंगाई कुणी बदलली नाही. दोन्ही एकाच घरात राहतात, काकिमांच्या कपाटात रवींद्रनाथ आणि ठाकुमांच्या तोंडात बर्गी.

निघताना काकिमांनी नोलेन गुडाच्या संदेशचा डबा हातात दिला. मी नको नको म्हणतोय तर आतून ठाकुमा काहीतरी ओरडल्या आणि सगळं घर हसलं. मित्र म्हणाला, "म्हणतेय, घेऊन जा, चौथाई आहे."

डबा सोमवारी ऑफिसमध्ये दहा मिनिटांत संपला. हा खजुराचा गूळ फक्त थंडीत मिळतो, तेव्हा जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. आणि मिष्टी दोई विमानात सांडते, त्या भानगडीत पडू नका.