ना दिवस, ना रात्र!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या ऑफिसात परभणीच्या माणसाला हमखास ऐकवलं जातं. वर हसणं फुकट! त्यावर एक झकास उत्तर सापडलंय. त्यासाठी फेब्रुवारीतल्या अमावस्येजवळचा वीकेंड पकडा, परभणी गाठा आणि परळी लाईनवरच्या पोखर्णीला जा. इथल्या स्टेशनच्या नावातच देव आहे : पोखर्णी नृसिंह.

नृसिंहाच्या देवळासाठी हे गाव प्रसिद्ध. गोष्ट आपल्याला पाठ असते. हिरण्यकशिपूला मरण ना दिवसा, ना रात्री. म्हणून देवाने गाठली ती तिन्हीसांज. गंमत म्हणजे खगोलशास्त्रातही ही मधली वेळ आहे आणि तिचे चक्क तीन टप्पे आहेत. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश, १२ पर्यंत नाविक आणि १८ पर्यंत खगोलीय. खरी रात्र त्यानंतर! इथे मावळतीपासून त्याला साधारण सव्वा तास लागतो. म्हणजे दर्शन घ्या, चहा मारा आणि गावातल्या कुणाला तरी सोबत घेऊन दिव्यांपासून लांब, शेतरस्त्याला लागा.

आता हात सरळ ताणून उत्तरेच्या क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा. तिथेच ध्रुव! आपण १९ अक्षांशावर आहोत, म्हणून तोही १९ अंश वर. साडेनऊच्या सुमारास मागे वळा. दक्षिणेला जवळपास तितक्याच उंचीवर अगस्त्य दिसेल. रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल तेजस्वी हाच. अंतर सुमारे ३१० प्रकाशवर्षं. म्हणजे दिसतोय तो प्रकाश निघाला, तेव्हा शनिवारवाड्याचा पायाही घातला गेला नव्हता. आणि हो, जर्मनीतून अगस्त्य कधीच दिसत नाही. तो तिथे क्षितिजावर येतच नाही. घ्या उत्तर!

१९९९ पर्यंत परभणीतच असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, आता ‘लायगो-इंडिया’ उभारायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. २०१५ साली अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांच्या टकरीची लाट पकडली, तेव्हा त्यांच्या ४ किलोमीटरच्या भुजांची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नाही. इतकं बारीक मोजायचं तर जमीन शांत हवी. ट्रकची धडधडही चालत नाही. ही जागा निवडताना ती शांतताच कामी आली.

आपण ज्याला ‘इथे काहीच नाही’ म्हणतो, त्यालाच केवढा भाव आहे बघा! अंधाराचं मात्र तसं नाही. त्याला कुणी मंजुरी देत नाही. चौकात एक हायमास्ट लागला, की डोक्यावरचे निम्मे तारे गुल. दिवे हवेतच, प्रश्नच नाही. फक्त त्यांची तोंडं जमिनीकडे हवीत. तेवढ्याने रस्ताही दिसेल आणि अगस्त्यही.