काकड्याचा उजेड

आमच्या सोनपेठला कॅमेरा घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला येणारी पोरं पहिला प्रश्न मेगापिक्सलचा करतात. मी उलट विचारतो, फोटो कशाचे काढणार? उत्तर ठरलेलं: लग्न, हळदी, सप्ताह. म्हणजे निम्मं काम अंधारातलं. मग बाबा, बॉडी राहू दे बाजूला, आधी लेन्सच्या तोंडावरचे आकडे वाच.

किटमधल्या १८-५५ वर ३.५-५.६ लिहिलेलं असतं. झूम करत ५५ला गेलं की ५.६, म्हणजे भोक जेमतेम १० मिलिमीटर. ५०ची साधी १.८ लेन्स २८ मिलिमीटर उघडते. फोकल लेंग्थला भोकाच्या व्यासानं भागलं की लेन्सवरचा हा १.८ किंवा ५.६चा आकडा येतो. म्हणून आकडा लहान, तितकं भोक मोठं. ‘मोबाइललाबी १.८ आहे की काका!’ आहे ना, पण तिथं फोकल लेंग्थच इवलीशी, भोक तीन-चार मिलिमीटरचं आणि सेन्सर नखाएवढा.

कार्तिकातल्या काकड्याला पहाटे देवळात एखाद-दुसरा बल्ब आणि आरतीची ज्योत, एवढाच उजेड. टाळ वाजवणारे हात पकडायचे तर शटर १/१२५च्या खाली नेऊन चालत नाही. १.८ला आयएसओ १६०० वर जमणारा फोटो ५.६ला १६,००० मागतो. नाहीतर शटर १/१३ वर आणा आणि टाळांच्या जागी पिवळा धूर बघा. फ्लॅश? पहाटे विणेकऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणाऱ्याला सभामंडपातून उठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मोठं भोक फुकट मिळत नाही. १.८ला दोन मीटरवरून अर्धी वीत जागाच काय ती स्वच्छ येते. विणेकऱ्याची पापणी मोजता येते, पुढं आलेली वीणेची खुंटी मात्र विरघळलेली. स्टॅन्ली कुब्रिकनं ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ/०.७ लेन्सनं टिपले. नटांना फारसं हलता यायचं नाही. आमच्या टाळकऱ्यांना कोण सांगणार, हलू नका म्हणून? दोघं एका फ्रेममध्ये हवे असले की मी २.८ला येतो आणि आयएसओ वाढवतो. थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

पैसे कमी असतील तर बॉडी जुनी घ्यावी, लेन्स १.८. फक्त छोट्या सेन्सरवर ५०ची लेन्स ७५-८० सारखी वागते आणि गावातल्या देवळात मागं सरकता सरकता पाठ खांबाला लागते. तिथं ३५ची बरी.