बादशहाचे बूट

‘घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?’ हा वाक्प्रचार मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवला, फळ्यावर लिहिला, मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला. पण खराखुरा घोडा हाताच्या अंतरावर उभा राहून खाताना पाहिला तो वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी! निमित्त अर्थातच नातीचं.

२०२३च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं सोनं तब्बल एकेचाळीस वर्षांनी, १९८२च्या दिल्लीनंतर पहिल्यांदाच. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि वळणं लयीत करून घ्यायची. आमची नात टीव्हीसमोरून हलेना. दिवाळीपर्यंत तिने घरात असा काही धोशा लावला की शेवटी मुलगा तिला पुण्यातल्याच एका रायडिंग क्लबात घालून आला. सूनबाईंचा विरोध, मुलाची कुंपणावरची भूमिका, आणि शनिवार-रविवारी सकाळी सोबत जायला रिकामी कोण? तर आजी!

तिथे तिला मिळाला बादशहा. शर्यतीतून निवृत्त झालेला, म्हणजे माझ्याच बिरादरीतला. उंच, तपकिरी आणि अत्यंत सोशिक. त्याच्या पुढच्या डाव्या पायाची मागची शीर शर्यतीच्या काळात दुखावली होती. नळीच्या मागे सरळ रेष दिसायला हवी तिथे त्याला थोडा फुगवटा आहे, धनुष्यासारखा. दुखणं जुनं, भरून आलेलं. पण तो फुगवटा पाहिला की माझ्या पोटात कालवायचं.

तर गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नातीचा तेरावा वाढदिवस आला. मी पेन्शनमधून तिला, खरं तर बादशहाला, पायातले बूट घेऊन दिले. घोड्याचे बूट खुरात घालत नाहीत बरं का. खुराला नाल असते. हे बूट गुडघ्याखालच्या नळीला गुंडाळून पट्ट्यांनी बांधायचे असतात. माझ्या मुलाने इंटरनेटवर शोधले, मी त्यातले सगळ्यांत जाड निवडले. आतून पांढरीशुभ्र लोकर, चारही पायांचा संच. थंडीत नातवंडांना पायमोजे घेताना आपण जसं बघतो, अगदी तसंच मी बघितलं. जेवढं जाड तेवढं चांगलं!

शनिवारी सकाळी नातीने ते बूट घातले. बादशहा असा काही रुबाबदार दिसायला लागला की विचारू नका. तासभर वाळूच्या मैदानात तिचा सराव झाला. ती बूट काढायला वाकली, तेव्हा मीच म्हटलं, “राहू देत गं. पाय जपलेला बरा.” मग आम्ही दोघी नाश्त्याला गेलो, तिथे तिच्या मैत्रिणी भेटल्या, गप्पा झाल्या. परत आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

बूट काढले आणि नातीच्या तोंडून शब्द फुटेना. चारही पाय घामाने निथळत होते आणि हाताला अक्षरशः चटका बसत होता. लोकरीत वाळू गच्च भरलेली. त्याच डाव्या पायावर पट्टीखाली केस घासून गेले होते, जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढी कातडी सोलवटून लाल झाली होती. बादशहा मान खाली घालून उभा. तक्रार करायला त्याला वाचा कुठली?

तिथले मोतद्दार आहेत, सगळे त्यांना ‘काका’ म्हणतात. सांगलीकडचे. त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. नळी घेतली आणि वीस मिनिटं त्या पायांवर गार पाणी सोडत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आजी, बूट घालाय समद्यास्नी येतंय. काढायचं कवा, ते ध्यानात ठेवाय लागतं.”

पुढचे आठ दिवस बादशहाला सुट्टी. नात घरी येऊन रडली. तिला वाटत होतं चूक तिचीच. मी तिला सांगितलं की चूक माझी आहे. पण सांगून मनाला बरं वाटलं नाही ते नाहीच.

शिक्षकाची खोड अशी की चूक झाली की धडा पहिल्यापासून वाचायचा. पुढचे दोन महिने मी काकांना, तिथल्या सरांना आणि नातीच्या पुस्तकांना भंडावून सोडलं. जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे घोड्याचा पाय. आपण ज्याला त्याचा पुढचा गुडघा म्हणतो तो खरं तर आपल्या मनगटाचा भाऊ. घोडा एकेका बोटाच्या टोकावर चालतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख! त्या ‘गुडघ्या’खाली मांस जवळजवळ नाहीच. हाड, शिरा, कंडरा आणि वर पातळ कातडी. आपल्या नडगीला टेबलाचा कोपरा लागला की कसे तारे चमकतात, तसा त्याचा सगळा खालचा पाय. चौखूर धावताना एकेका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याचा साडेबाराशे किलो! एवढा भार लोकरीचा बूट काय पेलणार? बूट मार अडवतो, भार पेलत नाही. माझी सगळी चूक इथेच झाली होती. मला वाटलं होतं, बुटाने जुन्या शिरेला आधार मिळेल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. १९९४ साली विल्सन आणि गुडशिप या ब्रिटिश संशोधकांनी धावत्या घोड्यांच्या पायातल्या कंडरेचं तापमान मोजलं. आत ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पारा गेलेला! धावताना कंडरा ताणली-सैलावली जाते, त्यातूनच ही उष्णता तयार होते आणि एरवी वाऱ्याने निवते. त्यावर लोकर बांधून आपण उन्हात उभं करायचं म्हणजे काय ते आता तुम्हीच समजून घ्या.

मग बूट हवेत कशाला? तर मार कुठून बसणार आहे, त्यावर ते ठरतं. आपल्याकडे म्हण आहे ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तसं होऊ द्यायचं नाही.

रोजच्या सरावात, गोल फिरताना, घोड्याचा एक पाय दुसऱ्या पायाला आतून घासतो, आपटतो. विशेषतः तो दमला असला किंवा शिकाऊ असला तर. त्यासाठी साधे बूट, आतल्या बाजूला कडक गादी असलेले. पट्ट्या नेहमी बाहेरच्या बाजूला, टोकं मागे वळलेली. काही घोड्यांच्या मागच्या खुराचं टोक पुढच्या पायाच्या टाचेवर आदळतं, नालसुद्धा उपटली जाते. त्यांना खुराभोवती घंटेसारखा रबरी बूट. मोकळ्या मैदानातल्या शर्यतीत पक्के ओंडके, पाण्याचे चर ओलांडायचे असतात. ओंडका काही पडत नाही, त्यामुळे तिथे पुढूनमागून झाकणारा, पाणी न पिणारा, हलका बूट. आमच्या लोकरीने पाणी प्यायलं असतं तर बादशहाच्या पायात बादल्याच बांधल्यासारखं झालं असतं! पोलोत चेंडू आणि काठी दोन्हींचा मार, म्हणून चारही पायांना पट्ट्या आणि बरेचदा वर बूटही. गाडीतून नेताना गुडघ्यापासून खुराच्या कडेपर्यंत झाकणारे लांब, जाड बूट, कारण गाडीच्या धक्क्यात तोल सावरताना तो स्वतःचाच पाय तुडवतो. आणि चरायला सोडताना? बहुतेक घोड्यांना काहीच नको. गंमत म्हणजे ज्या ड्रेसाजपायी हे सगळं सुरू झालं, त्याच्या स्पर्धेत बूट घालायलाच मनाई आहे. एशियाड आम्ही दोघींनी डोळे भरून पाहिलं, पण त्या घोड्यांचे पाय उघडे होते हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

उडीच्या सरावातले बूट मात्र मला विचारात पाडून गेले. ते मागून बंद, कारण मागचा खूर पुढच्या पायाच्या कंडरेवर आदळण्याची भीती. पण पुढून उघडे! मी सरांना विचारलं, दांडी तर पुढूनच लागणार ना? ते म्हणाले, “म्हणूनच. दांडी लागलेली त्याला कळायला हवी. कळली तर पुढच्या वेळी तो पाय नीट उचलेल.” दांडी हलकी असते, लागली की पडते.

मला माझा एक विद्यार्थी आठवला. एका पायाला पोलिओ झालेला. चार वर्षं मी त्याला खेळाच्या तासाला वर्गात बसवलं, सगळ्यांची दप्तरं सांभाळायला. पडेल, लागेल, पोरं हसतील... मला वाटायचं मी किती जपते याला. वीस-बावीस वर्षांनी एका लग्नात भेटला. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, “बाई, तुम्ही मला कधी रागावला नाहीत. पण लंगडीच्या डावात तरी घ्यायचं होतंत. लंगडी मला सगळ्यांत छान आली असती!” आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र झोप आली नाही.

पण उलटं टोकही असतंच. उड्यांच्या स्पर्धांत काही जण मागच्या पायांचे बूट मुद्दाम आवळत, म्हणजे घोडा पाय जास्त उंच उचलेल. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाला नियम करावे लागले. १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या सगळ्या उडीच्या स्पर्धांत मागच्या बुटाच्या लांबीवर मर्यादा, बूट आतून सपाट आणि पट्ट्या न ताणल्या जाणाऱ्या. एका पायावर नाल सोडून एकूण ५०० ग्रॅमपेक्षा जास्त काही नको. जपण्यासाठी केलेली वस्तू छळायला वापरणारेही असतातच. मी छळलं नव्हतं. पण सोलवटलेल्या पायाला माझा हेतू काय कळणार?

असो. पावसाळ्यानंतर आम्ही बादशहासाठी साधे, हवा खेळती राहील असे पुढच्या पायांचे बूट घेतले. या वेळी नातीने आधी टेपने त्याच्या नळीची लांबी आणि घेर मोजला. बूट जरा वर ठेवून खाली सरकवायचा, म्हणजे केस उलटे होत नाहीत. पट्टी बांधल्यावर आत एक बोट जायला हवं. सैल राहिला तर फिरतो आणि वाळू शिरते, घट्ट झाला तर शिरेवर काच बसतो. लोकरीचा संच कपाटात आहे. सूनबाई म्हणते कुणाला तरी देऊन टाका. मी अजून दिलेला नाही.

परवाच्या रविवारी सराव संपला. नात खाली उतरली आणि खोगीर काढायच्याही आधी वाकून तिने दोन्ही बूट सोडले. मग त्या डाव्या पायावरून, फुगवट्यावरून, वरून खाली सावकाश तळवा फिरवला. केस आले आहेत तिथे आता, जरा पांढरट. मी कुंपणापाशी खुर्चीवर बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने तिथूनच ओरडून सांगितलं,

“आजी, गार आहे गं!”