रेघा जागच्या जागी

ख्राइस्टचर्चमध्ये जुलैत पाच-सव्वापाचलाच दिवस मावळतो. मग लॅपटॉप उघडून बसणं आलंच. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण जुनं यंत्र टाकवेना. त्यावर लिनक्स चढवलं, नकाशे काढायचं लिब्रेकॅड घेतलं आणि घरामागच्या डेकचा नकाशा उघडला.

रेघा जागच्या जागी होत्या. अक्षरं मात्र परकी वाटली. मूळ फॉन्ट इथे नव्हता, त्यामुळे मापांचे आकडे फुगून कठड्यावर चढले होते. मी उगाचच बराच वेळ बघत राहिले. रागही येईना. हे आपलंच काम आहे आणि नाहीही, असं काहीतरी.

अशा नकाशांचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे ऑटोकॅड, ते १९८२ चं. नव्वदीच्या सुरुवातीला त्याने मॅक सोडला आणि पुन्हा तिथे यायला २०१० उजाडलं. लिब्रेकॅडही त्याच सुमाराचं, क्यूकॅडच्या खुल्या आवृत्तीतून निघालेलं. जुन्या क्यूटी ३ या टूलकिटवरचा कोड क्यूटी ४ वर आणणं हेच त्याचं पहिलं मोठं काम. अशा कामाचं कौतुक कोण करणार? नीट झालं तर ते दिसतच नाही.

बाबा सांगलीत ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायचे. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायचे. त्यांना हे सांगितलं तर काय म्हणतील, कळत नाही.

डेकवरून दीड मीटरपेक्षा खाली पडायची शक्यता नसेल, तर इथे बांधकाम परवाना लागत नाही. पायऱ्यांकडचं माप तेवढं पुन्हा घ्यायला हवं.